ज्या शनिवारी मी पप्पांना काका म्हणाले

लोक फोनवर जी पानं उघडतात, त्यांवर काय आधी दिसावं, कुठलं बटण कुठे असावं, हे ठरवायचं माझं काम. चिंचवड स्टेशनपासून दहा मिनिटांवर आमचं ऑफिस आहे. तिथे आम्ही पंधरा-सोळा जण मिळून घरं शोधायची एक वेबसाइट करत होतो, तेव्हाची ही गोष्ट.

घरांच्या वेबसाइट तोवर पुष्कळ झाल्या होत्या. आमची मात्र बिल्डरच्या बाजूने न बोलता घर घेणाऱ्याच्या बाजूने बोलणार होती. आमच्या टीमच्या प्रमुख बाई असं म्हणायच्या आणि मनापासून म्हणायच्या. "आपल्याला वाटतं लोकांना बाल्कनी हवी, जिम हवी. पण विचारलंय कुणी त्यांना?" म्हणून ठरलं की एकही पान बांधायच्या आधी खरोखर घर शोधत असलेल्या दहा जणांना ऑफिसात बोलवायचं आणि एकेकाशी तासभर बोलायचं. प्रश्न विचारायचं काम माझ्याकडे आलं. माणसांना बोलतं करायला मला जमतं, असं सगळ्यांचं मत होतं. माझंही होतं.

आठ मुलाखती झाल्या. नववी शनिवारी दुपारी दोनला होती आणि सकाळी त्या माणसाचा फोन आला, जमणार नाही. बाईंचा चेहरा पडला. मी पटकन बोलून गेले, "माझ्या ओळखीचे एक गृहस्थ आहेत. आमच्याच भागात राहतात. दीड वर्ष झालं घर बघतायत."

ते गृहस्थ म्हणजे माझे वडील.

पप्पा मराठवाड्यातून पिंपरीत आले ते एका कंपनीच्या पेंट शॉपला, म्हणजे रंगकामाच्या खात्याला, लागले. पुढे कंपनीने काम चाकणला हलवलं, तशी त्यांची शिफ्टची बस बदलली, पण काम तेच राहिलं. रिटायर होईपर्यंत त्यांच्या नखांच्या कडेला रंग असायचा. आम्ही काळेवाडीतल्या एका आतल्या गल्लीत दोन खोल्यांत राहायचो. ऑफिसात मात्र मी "रहाटणीजवळ, पिंपळे सौदागरच्या बाजूला" असं सांगायचे; तिकडे मोठ्या सोसायट्या आहेत. ते खोटं नव्हतं, पण सरळही नव्हतं. आम्ही बौद्ध आहोत. हेही मी कधी लपवलं नाही, असं मी स्वतःला सांगायचे. कुणी विचारलं नाही, म्हणून मी सांगितलं नाही, एवढंच. आमचं आडनाव गावावरून पडलेलं, त्यातून काही कळत नाही. एप्रिलमध्ये जयंतीच्या दिवशी रजा टाकताना मात्र मी कारणाच्या जागी 'घरगुती' असं लिहायचे, दरवर्षी.

रिटायर झाल्यापासून पप्पा दर रविवारी इस्त्रीचा शर्ट घालून घर बघायला जायचे. परत आले की आई विचारायची, "कसं होतं?" आणि त्यात काही ना काही खोट निघायची. भिंतीला ओल आहे. पाणी वर चढत नाही. लिफ्ट बंदच असते म्हणतात. आमच्या घरात तो विनोदच झाला होता. मी एकदा त्यांना म्हणालेसुद्धा, "पप्पा, तुम्हाला घर नकोच आहे. तुम्हाला घर बघायला जायला हवंय." ते हसले होते.

मी त्यांना फोन लावला. ते लगेच तयार झाले. लेकीच्या ऑफिसात त्यांना पहिल्यांदाच बोलावणं आलं होतं.

"फक्त एक आहे पप्पा," मी म्हणाले. "आपण बापलेक आहोत हे तिथे सांगायचं नाही. नियम आहे. नात्यातला माणूस चालत नाही."

नियम खरा होता. पण मुलाखतींत माझ्यासोबत टिपणं घेणाऱ्या मुलाने चौथ्या मुलाखतीला स्वतःच्या मावशीला आणलं होतं आणि तसं हसत हसत सांगितलंही होतं. कुणी काही म्हटलं नव्हतं.

"बरं," पप्पा म्हणाले. " मग तुला काय म्हणू?"

"काही पण. मॅडम म्हणा," मी म्हणाले, आणि हसले.

ते दहा मिनिटं आधीच आले. पांढरा शर्ट, पॉलिश केलेले बूट, हातात प्लॅस्टिकची फाइल. फाइलमध्ये आधार कार्ड, पेन्शनचे कागद आणि पेपरमधून कापलेल्या घरांच्या जाहिराती. रिसेप्शनला त्यांच्याकडून फॉर्म भरून घेतला. तो माझ्या हातात आला तेव्हा मी नाव वाचलं. आडनावाच्या जागी पप्पांनी माझ्या आजोबांचं नाव लिहिलं होतं. दोघांचं आडनाव एकच दिसलं तर माझी पंचाईत होईल, हे त्यांचं त्यांनीच ओळखलं होतं. मला ते सुचलंही नव्हतं.

छोट्या खोलीत मी त्यांच्यासमोर बसले. बाजूला तो सोबतचा मुलगा लॅपटॉपवर टिपून घ्यायला. टेबलावर कॅमेरा होता आणि पलीकडच्या खोलीत बाकीचे स्क्रीनवर बघत होते, आवाज मात्र तिकडे धड पोचायचा नाही. पप्पा दारातच उभे होते.

"बसा ना काका," मी म्हणाले.

ते बसले. "थँक्यू, मॅडम."

सुरुवातीचे प्रश्न नीट झाले. किती खोल्या हव्यात, कुठल्या भागात, घरात माणसं किती. "मी, बायको आन् एक मुलगी," पप्पा म्हणाले. "मुलगी नोकरी करते." मग मी त्यांच्यासमोर कार्डं मांडली. एकेका कार्डावर एकेक गोष्ट लिहिलेली: पार्किंग, बाल्कनी, शाळा जवळ, चोवीस तास पाणी, बस थांबा, जिम, मंदिर, बाग. त्यातली स्वतःला महत्त्वाची वाटतील ती क्रमाने लावायची होती. पप्पांनी चष्मा लावून सगळी वाचली. पाणी वर ठेवलं, त्याखाली बस थांबा. मग हात तसाच ठेवून म्हणाले, "एखादं कोरं कार्ड मिळंल का?"

आम्ही कोरी कार्डं ठेवलेलीच होती, पण आठ जणांत कुणी मागितलं नव्हतं. मी कार्ड आणि पेन दिलं. पेन हातात धरून ते बराच वेळ बसले आणि मग त्यांनी ते खाली ठेवलं.

"लिहायला जमंना. तोंडीच सांगतो. मॅडम, मी बिल्डिंगीत शिरलो की खाली नावांचा बोर्ड असतो बगा, तो आधी वाचतो. वरपासून खालपर्यंत समदी नावं."

"का?" मी विचारलं. 'का' विचारणं हेच माझं काम होतं.

"आमच्यातलं एखादं नाव हाय का बगतो. एक जरी असलं तर वर जातो. नसलं तर जरा इचार करतो." त्यांनी कार्ड सरळ केलं. "रहाटणीला एक फ्लॅट होता. फोनवर समदं ठरलं. मालक म्हणाला, रविवारी या, चहा घ्या. गेलो. माणूस चांगला होता, खोटं कशाला बोलू. चहा झाला. मग त्यानं पूर्ण नाव विचारलं. मग गाव विचारलं. मग गावात घर कुठल्या बाजूला हाय ते विचारलं. मी सांगितलं. सोमवारी फोन आला, घरातल्यांचा विचार बदललाय म्हणून."

"मग?"

"मग काय. घरी सांगितलं, भिंतीला ओल हाय."

सोबतच्या मुलाची बोटं थांबली. मी पप्पांकडे बघत होते आणि ते टेबलाकडे.

"असं चार-पाच ठिकाणी झालं," ते म्हणाले. "सगळीकडं न्हाई. काही घरं खरंच खराब होती. पण हे घरी कसं सांगायचं? पोरगी शिकलेली हाय माझी, चांगल्या कंपनीत हाय. तिला वाटतं हे समदं मागं राहिलं आपल्या. तिला तसं वाटायलंय तर वाटू दे म्हणलं."

मुलाखत घेणाऱ्याला पहिली गोष्ट शिकवतात ती ही, की माणूस थांबला की आपण बोलायचं नाही. गप्प राहायचं, त्याला हवा तेवढा वेळ द्यायचा. आठ अनोळखी माणसांसमोर मी तशी गप्प राहिले होते.

त्या दिवशी मी म्हणाले, "ठीक आहे काका. हे जरा आपल्या वेबसाइटच्या बाहेरचं आहे. आपण पुढे जाऊ. घराचे फोटो केवढे असावेत असं वाटतं तुम्हाला?"

पप्पांनी मान वर केली. शिफ्टला साहेब आल्यावर माणूस सावरून उभा राहतो तसे ते खुर्चीत सरळ झाले. "फोटो? फोटो मोठे बरे, मॅडम."

उरलेला अर्धा तास ते प्रत्येक प्रश्नाला असंच एका वाक्यात उत्तर देत राहिले. शेवटी बाई स्वतः येऊन त्यांना भेटल्या, भेट म्हणून पाण्याची बाटली घातलेली पिशवी दिली. मी त्यांना लिफ्टपर्यंतही सोडायला गेले नाही. खिडकीतून बघितलं तर ते रस्त्यापलीकडे बसची वाट बघत उभे होते आणि पिशवीत काय आहे ते वाकून बघत होते.

संध्याकाळी घरी पोचले तेव्हा ते दारातच होते. "बरोबर झालं ना ग माय? काई चुकलं न्हाई ना माझं?"

"नाही पप्पा. छान झालं."

आईने विचारलं, "काय विचारलं तुम्हाला?"

"फोटो केवढे पायजेत ते," पप्पा म्हणाले.

मी तेव्हा बोलायला हवं होतं. आई भाकरी थापत होती, पप्पा नवी बाटली धुऊन पालथी घालत होते. मी हातपाय धुतले आणि जेवले.

पुढच्या आठवड्यात दहाही मुलाखती आम्ही भिंतीवर लावल्या. प्रत्येकाच्या बोलण्यातली एकेक गोष्ट एकेका रंगीत चिठ्ठीवर लिहायची आणि सारख्या चिठ्ठ्या एकत्र करत जायच्या, अशी ती पद्धत. पप्पांची चिठ्ठी सोबतच्या मुलाने लिहिली होती: 'आधी नावांचा बोर्ड वाचतो. शेजारी कोण हे महत्त्वाचं.' एवढंच. उरलेलं चिठ्ठीवर मावलं नव्हतं, किंवा त्याला कसं लिहावं ते कळलं नव्हतं. मी त्याला दोष देत नाही.

दुसऱ्या चिठ्ठ्यांवर होतं: 'सोसायटी शाकाहारी असावी.' 'आपल्यासारखे लोक हवेत.' 'मुलांना संगत चांगली मिळावी.' 'कोणीही येऊन राहतं असं नको.'

"हे सगळं एकच आहे की!" बाई आनंदाने म्हणाल्या. "बघा, जिमबद्दल एकानेही तोंड उघडलेलं नाही आणि शेजाराबद्दल निम्म्याहून जास्त लोक बोलतायत. लोकांना खरंच काय हवंय ते हे आहे."

पप्पांची चिठ्ठी माझ्या हातात होती. ती त्या गठ्ठ्यातली नाही, हे त्या खोलीत फक्त मला आणि थोडंफार त्या मुलाला माहीत होतं. बाकीचे जे मागत होते, त्यालाच पप्पा भीत होते. एवढं एक वाक्य बोलायचं होतं. मी ते बोलले असते तर कुणीतरी विचारलं असतं, हे गृहस्थ तुझे कोण? त्या मुलाने माझ्याकडे बघितलंही. मी चिठ्ठी त्यांच्यात चिकटवली आणि वर मोठ्या अक्षरात 'शेजार' असं लिहिलं. माझं अक्षर चांगलं आहे म्हणून मथळे मीच लिहायचे.

त्या गठ्ठ्यातून आमच्या वेबसाइटवर 'सोसायटीचं वातावरण' हा भाग आला. प्रत्येक घराखाली शिक्के: शाकाहारी, कौटुंबिक, समविचारी रहिवासी. नको ती घरं एका टिचकीसरशी यादीतून गाळता यायची. त्या शिक्क्यांचं चित्र मी काढलं, एक झाडाचं पान आणि त्याखाली तीन छपरं. हिरवा रंग नेमका कोणता घ्यायचा यात माझे दोन दिवस गेले. सगळ्यांना तो फार आवडला.

साइट सुरू झाल्यावर थोड्या दिवसांनी मी घरी आले तर पप्पा फोन घेऊन बसले होते. "ही तुमचीच ना ग?" त्यांनी स्क्रीन माझ्याकडे वळवली. माझं हिरवं पान होतं. "हे लई चांगलं केलंत. 'समविचारी' लिहिलं की माणसाला कळतंय. आता उगं रविवारी चहा प्यायला जायला नको. जिथं जायचं न्हाई ते आधीच दिसतंय."

पप्पा टोमणा मारतात तेव्हा त्यांची डावी भुवई हलते. तशी ती हलली नव्हती. ते खरंच म्हणत होते. त्या दिवशी मी त्यांचं ऐकलं आणि त्यांचे हेलपाटे वाचावेत म्हणून ते शिक्के केले, असं त्यांना वाटलं होतं.

मला तिथे बसवेना. मी मोरीत जाऊन नळ सोडला आणि नुसती उभी राहिले.

सोमवारी मी बाईंना गाठलं. "ती नववी मुलाखत माझ्या वडिलांची होती," मी सांगितलं, आणि मग बाकीचंही. आम्ही कोण आहोत ते, रहाटणीच्या फ्लॅटचं, चिठ्ठीचं. सगळं सलग सांगायचं असं घरून ठरवून निघाले होते, पण सांगताना क्रम चुकत गेला आणि निम्मं अर्धवट राहिलं. बाई ऐकत होत्या. त्यांचा चेहरा लाल झाला.

"ती चिठ्ठी लावताना तू तिथेच उभी होतीस ना?" त्या म्हणाल्या. रागाने नाही.

"हो."

"एक शब्द बोलली असतीस."

"हो."

'समविचारी' हा शिक्का त्यांनी चार दिवसांत काढायला लावला. 'शाकाहारी' राहिला, कारण विक्रीचं काम बघणारे म्हणाले की लोक सगळ्यात जास्त तोच दाबतात. त्या मीटिंगला मी होते. बाईंनी माझ्याकडे बघितलं, मी बोलावं म्हणून. मी म्हणाले, "याचा पुन्हा विचार व्हावा असं मला वाटतं," आणि खाली बसले. तो शिक्का पुढे बरेच महिने होता. साइटचं सगळं रूप बदललं तेव्हा गेला, आणि तोही माझ्यामुळे गेला नाही. तेव्हा मी नोकरी सोडली असती तर ही गोष्ट सांगायला जरा बरी झाली असती. मी सोडली नाही. अजून तिथेच आहे.

पप्पांना घर मिळालं ते कुठल्याच साइटवरून नाही. नोकरीत असताना चाकणच्या बसमध्ये त्यांच्या शेजारी बसायचे ते एक गृहस्थ मुलाकडे राहायला चालले होते, त्यांचा चिंचवडचा पहिल्या मजल्यावरचा फ्लॅट होता. जुनी बिल्डिंग, लिफ्ट नाही. पप्पांनी एकदाच बघितला आणि घेतला. सामान हलवलं त्या दिवशी आईने आधी भिंतीवर तसबिरी लावून घेतल्या, मग गॅस.

संध्याकाळी आई खाली भाजी आणायला गेली होती. पप्पा खोक्यांवरच्या सुतळ्या सोडून नीट गुंडाळून ठेवत होते. मी समोर फरशीवर बसले आणि म्हणाले, "पप्पा, त्या शनिवारी मी चुकले. तुम्ही बोलत होतात आणि मी फोटोंचं विचारलं. आणि आधी तुम्हाला ओळख देऊ नका म्हणाले. नियम नुसता नावाला होता."

त्यांनी सुतळीची गाठ दाताने सोडवली. "माहीत हाय ग."

"काय माहीत आहे?"

"नियमाचं. फोनवरच कळलं होतं मला."

मी रडायला लागले. त्यांनी मला गप्प करायचा प्रयत्न केला नाही. दुसरी सुतळी घेतली. जरा वेळाने म्हणाले, "एवढं मनाला लावून घेऊ नको. तू तिथं मुलगी म्हणून बसली असतीस तर मी बोललोच नसतो. मॅडम होतीस म्हणून तोंडातून निगालं."

मला बरं वाटावं म्हणून ते तसं म्हणाले, हे मला कळत होतं. पण एकाच घरात, एकाच ताटलीतले शेंगदाणे खात दीड वर्ष रविवारमागून रविवार गेले, आणि त्यांना खरं सांगता यावं म्हणून मला परकं व्हावं लागलं. हे काही माझ्या मनातून जात नाही. आई असो की ऑफिसातला तो मुलगा, कुणी त्या दिवसाचा विषय काढला की माझे कान अजून गरम होतात.

मी त्यांना विचारणार होते, रहाटणीशिवाय बाकीची ती चार-पाच घरं कुठली. तेवढ्यात दार वाजलं. समोरच्या फ्लॅटमधले एक बनियनवरचे म्हातारे गृहस्थ उभे होते. "भाऊ, गच्चीवर चला जरा. तुमच्या टाकीचा व्हॉल्व्ह कुठला ते दाखवून ठेवतो, सकाळी पाणी आल्यावर गोंधळ नको."

"आलो, आलो," पप्पा म्हणाले, आणि सुतळ्यांचा गुंडा माझ्या हातात देऊन, पायात चपला सरकवत त्यांच्या मागोमाग जिना चढून गेले.